रेशमाचे ताके, कापसाच्या गाठी आणि चीनचे खाते

सोलापुरात चीनचे नाव प्रामुख्याने दोन ठिकाणी ऐकू येते, एक डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मारकात आणि दुसरे पांघरुणांच्या दुकानात. डॉ. कोटणीस १९१० मध्ये याच गावात जन्मले, १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचे देणे-घेणे व्यापाराच्या वहीत बसणारे नाही, म्हणून ते आदराने बाजूला ठेवून मी दुकानाकडे वळतो. दिवाळी सरली की पांघरुणांच्या फळीवर एका बाजूला इथल्याच मागावरची जाड चादर दिसते आणि तिच्या शेजारी पारदर्शक पिशवीत दाबून भरलेले, हाताला मांजराच्या पाठीसारखे लागणारे मिंक ब्लँकेट. गिऱ्हाईक दोन्हींवरून हात फिरवते, भाव विचारते आणि बहुतेक वेळा पिशवीच उचलते. त्यातली कित्येक ब्लँकेटे पानिपतहून आलेली असतात, हे दुकानदाराला ठाऊक असते. पण "चायना माल आहे" हे शब्द आजकाल तो तक्रार म्हणून उच्चारत नाही, शिफारस म्हणून उच्चारतो.

मी आयुष्याची तीस-बत्तीस वर्षे सुताच्या पेढीवर हिशेब लिहिण्यात घालवली. त्या सवयीमुळे कोणतीही वस्तू पाहिली की ती कोणाच्या नावे पडली आणि रक्कम चुकती कशी झाली, हाच प्रश्न आधी मनात येतो. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला, तेव्हा चीनच्या जुन्या व्यापाराविषयी हाताला लागेल ते वाचत गेलो आणि एक गोष्ट सारखी खटकत राहिली. रेशीम, चहा, चिनी मातीची भांडी, कागद अशी जगाने चीनकडून काय घेतले याची यादी सगळ्यांना तोंडपाठ असते. पण चीनने त्याच्या बदल्यात काय घेतले, या बाजूला फारसे कोणी बोट लावत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्या व्यापाराचा खरा इतिहास, त्यातल्या लढायांसह, याच दुर्लक्षित बाजूत लिहिलेला आहे.

सुरुवात आपल्या शेजारूनच करता येते. धाराशिवजवळचे तेर आपल्याला गोरोबाकाकांचे गाव म्हणून माहीत आहे. तिथल्या वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळची मातीची भांडी, मृण्मूर्ती आणि हस्तिदंती काम पाहताना हे गाव एके काळी केवढी पेठ होती याची कल्पना येते. पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने, ज्याचे नाव उरलेले नाही, हिंदी महासागरातील बंदरांची एक माहितीवही लिहून ठेवली, तिला पेरिप्लस म्हणतात. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, असे तो सांगतो. आणि तगरहून साधे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, जिथे धड रस्ताही नाही अशा मुलखातून भडोचला येते, अशी नोंद करतो. त्याच वहीच्या अखेरीस तो 'थिन' नावाच्या दूरच्या प्रदेशाचा उल्लेख करतो. तिथले कच्चे रेशीम, रेशमी सूत आणि कापड बाक्ट्रियामार्गे, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातून, खुष्कीने भडोचला उतरते. मात्र तिथून माणसे क्वचितच येतात आणि आली तरी थोडी. तगरचे सुती कापड आणि चीनचे रेशीम यांचे दोन हजार वर्षांपूर्वी एकाच बंदराच्या धक्क्यावर शेजारी पडून राहणे ही माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातली सर्वांत जवळची गोष्ट आहे. बार्शी-तेर भागातल्या कोण्या विणकराला चीन हे नावही ठाऊक नसेल. पण त्याच्या कापडाला ते ठाऊक होते.

आपल्या वाङ्मयाला तर चांगलेच ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या भांडारातील मौल्यवान वस्त्रांत चीनभूमीतले 'चीनपट्ट' येतात, आणि शाकुंतलाच्या पहिल्या अंकाच्या शेवटी दुष्यंत आश्रमातून निघतो तेव्हा शरीर पुढे जाते आणि मन मागे धावते, यासाठी कालिदासाला उपमा सुचते ती वाऱ्याच्या विरुद्ध नेल्या जाणाऱ्या ध्वजाच्या चीनांशुकाची. रेशमाचे कापड किती हलके असते आणि वाऱ्याला कसे मागे ओढले जाते, हे जवळून पाहिल्याशिवाय ही उपमा सुचणार नाही, आणि प्रेक्षकाला चीनांशुक परिचित असल्याशिवाय ती पोहोचणारही नाही.

चीनच्या बाजूने पाहिले तर तिथली पहिली ठळक नोंदही कापडाचीच आहे, आणि तीत आपण आहोत. हान घराण्याच्या वू सम्राटाने इसवी सनापूर्वी १३८ मध्ये झांग च्येन नावाच्या अधिकाऱ्याला पश्चिमेकडे पाठवले, ते व्यापारासाठी नव्हे. उत्तरेकडच्या श्योंगनू टोळ्यांविरुद्ध मित्र मिळवणे हे त्याचे काम होते. त्याच टोळ्यांनी त्याला वाटेत पकडले, सुमारे दहा वर्षे अडकवून ठेवले, आणि तो सुटून बाक्ट्रियात पोहोचला तेव्हा तिथल्या बाजारात त्याला चक्क आपल्याच देशातल्या, आजच्या सिचुआनच्या भागातल्या, बांबूच्या काठ्या आणि कापड विकायला ठेवलेले दिसले. हा माल इथे कसा, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की आमचे व्यापारी तो 'शेनदू'हून आणतात. शेनदू म्हणजे सिंधू, म्हणजे हिंदुस्थान. दरबाराला ज्या वाटेचा पत्ता नव्हता, तिच्यावरून माल कधीच निघून गेला होता. सरकारी दूतापेक्षा ताग्यांचे गाठोडे आधी पोहोचते, हे कोणत्याही पेढीवरच्या माणसाला पटेल.

सिचुआनच्या त्या कापडाविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. चेंगदू शहरातल्या लाओग्वानशान येथे २०१२-१३ मध्ये हान काळातल्या एका थडग्यात मागांच्या चार लाकडी प्रतिकृती सापडल्या, सोबत विणकरांच्या लहान लाकडी बाहुल्याही होत्या. ते साध्या विणीचे माग नाहीत; नक्षी मागातच साठवून ठेवायची आणि हवी तेव्हा पुन्हा पुन्हा उमटवायची, ही युक्ती त्यांत आहे. सोलापूरच्या पूर्व भागात ज्याने जेकार्डचा माग चालताना पाहिला आहे, त्याला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. वर टांगलेली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ एकेक पुठ्ठा पुढे सरकते, जिथे भोक असेल तिथली सुई आत जाते, तिचा आकडा उचलला जातो, त्याबरोबर ताण्याचे ठरावीक धागे वर येतात आणि खालून धोटा खाटकन निघून जातो. मोराचा पिसारा असा ओळीओळीने चादरीवर चढतो. हे यंत्र फ्रान्समधल्या लियाँ या रेशमाच्या गावी १८०४ मध्ये सिद्ध झाले. पण नक्षी ही आठवणीत ठेवण्याची गोष्ट नसून यंत्रात भरून ठेवण्याची गोष्ट आहे, हा विचार चेंगदूच्या विणकरांना त्याच्या दोन हजार वर्षे आधी सुचलेला होता.

आता रकमेकडे येतो. प्राचीन चीनला बाहेरून सर्वांत जास्त हवे होते ते घोडे. दाट शेतीच्या मुलखात कुरणे नसतात आणि कुरणांशिवाय लष्करी घोडा तयार होत नाही. उलट ज्या टोळ्यांशी लढायचे, त्यांच्याकडे घोड्यांची खाण. फरगाना खोऱ्यातल्या घोड्यांसाठी वू सम्राटाने इसवी सनापूर्वी १०४ मध्ये सैन्य धाडले, पहिली मोहीम फसली, दुसरी धाडली, आणि चार वर्षांच्या खटाटोपानंतर पदरात पडले ते काही डझन उत्तम आणि तीन हजारांवर मध्यम प्रतीचे घोडे. यापेक्षा रेशीम देऊन घोडे घेणे स्वस्त, हे पुढच्या राज्यकर्त्यांना कळले. तांग घराण्याच्या काळात, ७५५च्या आन लूशानच्या बंडानंतर दरबार उत्तरेकडच्या उइगुर लोकांच्या मदतीवर अवलंबून राहू लागला, तेव्हा एका घोड्याला चाळीस ताके रेशीम असा भाव बांधला गेला. उइगुर मरतुकडे घोडे गळ्यात मारतात ही दरबाराची तक्रार होती, आणि दरबार ताके वेळेवर देत नाही ही उइगुरांची. थकबाकी वर्षानुवर्षे चालत असे. पुढे सुंग घराण्याने १०७४ मध्ये सिचुआनात खास कचेरी उघडून तिबेटी घोड्यांच्या बदल्यात चहा द्यायला सुरुवात केली. म्हणजे जो चहा पुढे इंग्रजांच्या गळ्यात पडला, तो त्याआधी कित्येक शतके घोड्यांच्या खात्यावर जमा होत होता.

ताका हे तेव्हा केवळ कापड नव्हते, ते नाणे होते. तांग काळात सुमारे ५६ सेंटिमीटर पन्हा आणि १२ मीटरच्या आसपास लांबी असे ताक्याचे माप ठरलेले होते, सरकार शेतकऱ्यांकडून कर म्हणून ताके घेई आणि वायव्य सीमेवरच्या ठाण्यांतल्या शिपायांचा पगार म्हणून तेच ताके उंटांवर लादून पाठवी. तांब्याची नाणी जड, हजारो कोस वाहून नेणे परवडत नाही. रेशीम हलके आणि किमती. ज्याला आपण आज मोठ्या कौतुकाने रेशीम मार्ग म्हणतो, त्यावरून गेलेल्या रेशमाचा फार मोठा भाग हा असा सरकारी पगार होता, हे वाचले तेव्हा मला हसू आले. आमच्याकडे मिल चालू असताना पगाराच्या दिवशी मंगळवार पेठेत जी उलाढाल होई, तशीच त्या वाळवंटातल्या गावांत होत असणार.

त्या गावांपैकी तुर्फान हे गाव हिशेबनिसाच्या दृष्टीने स्वर्ग आहे. तिथे मेलेल्या माणसाला रद्दी कागदाचे जोडे, टोप्या, पट्टे करून घालीत. हवा कोरडी असल्यामुळे ती रद्दी टिकली, आणि तिच्यातून करारपत्रे, पावत्या, कज्जे बाहेर आले. त्यातला ६७०च्या सुमाराचा एक कज्जा असा की एका सोग्दियन व्यापाऱ्याने, म्हणजे समरकंदकडच्या इराणी वंशाच्या माणसाने, ली शाओचिन नावाच्या चिनी व्यापाऱ्याला २७५ ताके रेशीम उधार दिले आणि त्यानंतर तो प्रवासात बेपत्ता झाला. त्याचा भाऊ त्साओ लूशान याने उधारीसाठी दावा लावला. दस्तऐवजाची प्रत बेपत्ता भावाबरोबरच गेलेली, हातात कागद काही नाही. फक्त व्यवहार झाला तेव्हा हजर असलेले दोन सोग्दियन साक्षीदार होते. चिनी न्यायालयाने साक्ष ग्राह्य धरली आणि निकाल परदेशी फिर्यादीच्या बाजूने दिला. परक्याला न्याय मिळेल, हा भरवसा नसता तर कोणीही २७५ ताके उधारीवर सोडले नसते. उंटांच्या रांगांची चित्रे सुंदर असतात खरी, पण व्यापार चालतो तो अशा निकालांवर.

त्याच सोग्दियनांची त्याहून जुनी, ३१३च्या सुमाराची पत्रे पुरातत्त्व संशोधक ऑरेल स्टाइन यांना १९०७ मध्ये वायव्य चीनमधल्या दुनहुआंगजवळच्या एका पडक्या टेहळणी बुरुजात सापडली. टपालाची थैली वाटेत कुठेतरी अडकली आणि सोळाशे वर्षे तशीच पडून राहिली. एका पत्रात मिउने नावाच्या बाईने नवऱ्याला लिहिले आहे. तो तिला आणि मुलीला दुनहुआंगला सोडून गेला, पैसे पाठवीत नाही, परत नेण्याची व्यवस्था करीत नाही. तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची किंवा डुकराची झाले असते तर बरे, असे ती त्याला सुनावते. ते पत्र त्याला मिळालेच नाही. व्यापाराच्या इतिहासात नफा-तोट्याचे आकडे सापडतात; मागे राहिलेल्या माणसाचा आवाज सहसा सापडत नाही, म्हणून हे पत्र मी दोनदा वाचले.

याच तांग काळात हुंडीही होती. राजधानीत माल विकणारे चहाचे व्यापारी रोकड तिथल्या कचेरीत भरीत, अर्धा कागद घेत आणि आपल्या प्रांतात जाऊन तो दाखवून तेवढीच रक्कम उचलीत. चिनी लोक त्याला 'उडता पैसा' म्हणत. त्यातूनच पुढे सुंग सरकारने १०२४ मध्ये सिचुआनात कागदी नोटा काढल्या.

'रेशीम मार्ग' हे नाव मात्र या कोणालाच माहीत नव्हते. ते फर्डिनांड फॉन रिश्तहोफेन या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १८७७ मध्ये रूढ केले, आणि योगायोग असा की आमच्या जुन्या मिलचा भोंगा पहिल्यांदा वाजला तेही १८७७ हेच वर्ष. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा एकच रस्ता कधी नव्हता. माल या हातातून त्या हातात, या गावातून त्या गावात जाई आणि प्रत्येक हात आपले कमिशन ठेवून घेई. रोमचा लेखक प्लिनी याने हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान मिळून आपल्याकडून वर्षाला दहा कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) उकळतात, अशी कुरकुर केली, त्यामागे हे मधले हात होते.

समुद्राची वाट याहून मोठ्या मालाची. इंडोनेशियात बेलितुंग बेटापाशी १९९८ मध्ये एक बुडालेले जहाज सापडले. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, दोरीने शिवलेल्या होत्या, म्हणजे जहाज पश्चिम हिंदी महासागरातल्या अरबी घडणीचे. त्यात सुमारे ६० हजार भांडी होती, त्यातली बहुतेक चीनच्या चांगशा भागातली, आणि एका वाडग्यावर ८२६ साली जुळणारी चिनी तारीख होती. वाडगे मोठ्या रांजणांत गोल गोल चक्राकार रचून भरले होते. त्यांच्यावर पश्चिम आशियातल्या गिऱ्हाइकाला रुचेल अशी नक्षी चिनी कुंभारांनी काढलेली आहे. म्हणजे हा ऑर्डरचा माल. परदेशी गिऱ्हाइकाने कळवलेल्या रंगात टॉवेल काढणाऱ्या आमच्या कारखानदारांना हे वाचून आपल्या धंद्याचे पूर्वज भेटल्यासारखे वाटेल.

बदल्यात समुद्रमार्गे चीनने घेतले ते मिरी, धूप, चंदन, हस्तिदंत. सुंग दरबाराने ९७१ मध्ये कँटनला आणि १०८७ मध्ये च्वानचौला सागरी व्यापाराची कचेरी बसवली, जी येणाऱ्या मालातला ठरावीक हिस्सा जकात म्हणून उचले. च्वानचौच्या खाडीत १९७४ मध्ये सापडलेल्या तेराव्या शतकातल्या जहाजात सुगंधी लाकूड आणि मिरी होती. चोळांचे दूत १०१५ पासून सुंग दरबारी जाऊ लागले, आणि पुढे युआन काळात, १२८१ मध्ये, च्वानचौला शिवमंदिराचा तमिळ व चिनी अशा दोन लिपींतला शिलालेख कोरला गेला. इतक्या दूर देऊळ बांधणारा माणूस एका फेरीपुरता तिथे गेलेला नसतो. चीनच्या आरमाराचा सेनापती 'झेंग हे' याच्या १४०५ ते १४३३ या काळातल्या सात सफरींविषयी इतके लिहिले गेले आहे, आणि बंगालमधून चीनला गेलेल्या जिराफाविषयी तर त्याहून जास्त, की मी त्यात भर घालत नाही. त्या सफरी दरबारी डामडौलाच्या होत्या आणि खर्च डोईजड झाल्यावर थांबल्या. व्यापाऱ्यांची जहाजे त्याआधीही जात होती आणि त्यानंतरही जात राहिली.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती ह्वांग दाओपो. कापूस हे मूळचे चीनचे पीक नव्हे. ते आपल्या बाजूने, मध्य आशियातून आणि दक्षिणेच्या समुद्रकाठाने, सावकाश तिथे पोहोचले. तेराव्या शतकाच्या अखेरीस ह्वांग दाओपो नावाची एक गरीब बाई हैनान बेटावर बरीच वर्षे राहून, तिथल्या ली लोकांकडून सरकी काढणे, पिंजणे, कातणे, विणणे शिकून शांघायजवळच्या आपल्या सोंगच्यांग भागात परतली आणि गावातल्या बायकांना ते शिकवू लागली. एका वेळी तीन सुते निघणारा पायाने चालवायचा चरखा तिच्या नावावर सांगितला जातो. पुढच्या दोन-तीन शतकांत सोंगच्यांगचे कापड चीनभर जाऊ लागले आणि अठराव्या शतकात 'नानकीन' या नावाने युरोप-अमेरिकेतही. तिची तिथे देवळे आहेत. सूत कातणाऱ्या बाईचे देऊळ बांधणाऱ्या लोकांविषयी सोलापूरकराला आपुलकी वाटल्याखेरीज कशी राहील?

याच कापसातून चीन पहिल्यांदा आपल्या मुंबईचे गिऱ्हाईक झाला, पण ती हकिकत चांदीपासून सांगावी लागते. मिंग सरकारने सोळाव्या शतकात बहुतेक कर एकत्र करून चांदीत घ्यायला सुरुवात केली, आणि तिथे चांदी पुरेशी निघत नव्हती. नेमक्या त्याच वेळी स्पेनच्या ताब्यातल्या दक्षिण अमेरिकेत पोतोसीचा डोंगर पोखरला जात होता. १६००च्या सुमारास चीनमध्ये सहा-सात भार चांदीला एक भार सोने मिळे, तर स्पेनमध्ये बारा-तेरा भार मोजावे लागत; एवढा फरक असल्यावर चांदी कुठे वाहत जाणार हे सांगायला पंडित नको. अकापुल्कोहून मनिलाला चांदी आणि मनिलाहून परत रेशीम व भांडी, अशा फेऱ्या १८१५ पर्यंत अडीच शतके चालल्या. चीन 'बंद' होता, असे जे सरसकट म्हटले जाते ते मला म्हणूनच पटत नाही. त्याला जे हवे त्याच्यासाठी दार उघडे होते.

इंग्रजांची अडचण अशी की त्यांना चहा हवा होता आणि त्यांच्याकडे चीनला हवे असे चांदीखेरीज फारसे काही नव्हते. १७८४ मध्ये ब्रिटिश संसदेने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणल्यावर मागणी भडकली. १७५७ पासून युरोपियनांना कँटन हे एकच बंदर मोकळे होते आणि तिथेही नेमून दिलेल्या पेढ्यांशीच व्यवहार करता येई. लॉर्ड मॅकार्टनी १७९३ मध्ये घड्याळे, दुर्बिणी, तोफा घेऊन पेकिंगला गेला, तेव्हा च्येनलुंग सम्राटाने इंग्लंडच्या राजाला कळवले की आमच्याकडे सर्व काही आहे, तुमच्या कारागिरीच्या वस्तूंची आम्हाला गरज नाही. या पत्राला गर्विष्ठ म्हणण्याची पद्धत आहे. मला त्यात गर्व दिसतो, तसाच ज्याच्या खात्यावर नेहमी येणेच असते अशा सावकाराचा सूरही दिसतो.

हे येणे फेडायला हिंदुस्थान कामी आला. आधी कच्चा कापूस गेला, मुंबईहून कँटनला, गाठीच्या गाठी. कारण सोंगच्यांगच्या चरख्यांना आता घरचा कापूस पुरत नव्हता. मग अफू आली. बंगालची अफू कंपनीच्या मक्तेदारीतली, आणि माळव्याची अफू मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या हातातली. १८२०च्या दशकात अफूने कापसाला मागे टाकले. १८००च्या सुमारास वर्षाला साधारण ४ हजार पेट्या जात. १८३०च्या दशकाच्या अखेरीस आकडा ३० हजारांच्या वर गेला, आणि माळव्याच्या एका पेटीत सुमारे साठ किलो अफू असे. जमशेटजी जीजीभाई चीनला पाच वेळा जाऊन आले. १८०५ मध्ये त्यांचे जहाज फ्रेंचांनी पकडले, तेव्हा त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता, आणि पुढे अफूच्या व्यापारात या दोघांची पेढीवर पेढी जुळली. मुंबईच्या रुग्णालयांना, शाळांना, माहीमच्या पुलाला जमशेटजींच्या घराण्याने दिलेला पैसा आपण कृतज्ञतेने आठवतो, ते योग्यच आहे. पण तो पैसा कोणत्या पेटीतून आला हे त्याच दमात सांगायला हवे, आणि आपली पाठ्यपुस्तके ते सांगत नाहीत.

चांदीचा ओघ उलटा फिरला. चिनी शेतकरी तांब्याच्या नाण्यांत कमवी आणि कर मात्र चांदीच्या हिशेबाने भरी. पूर्वी एका तैल (हे चिनी वजनाचे माप) चांदीला हजार नाणी पुरत, तिथे १८३०च्या दशकाअखेर सोळाशेच्या आसपास लागू लागली. म्हणजे अफूची नळी कधी हातात न धरलेल्या माणसाचा करही दीडपटीहून जास्त झाला. १८३९ मध्ये सम्राटाने पाठवलेला अधिकारी लिन झेशू याने २० हजारांहून अधिक पेट्या जप्त करून हूमेनच्या किनाऱ्यावर चर खणले, त्यांत अफू, मीठ आणि चुना कालवून तीन आठवडे ती समुद्रात सोडली. त्यानंतरचे युद्ध आणि १८४२चा नानकिंगचा तह सर्वांना माहीत आहे. हाँगकाँग गेले, पाच बंदरे उघडली आणि दोन कोटी दहा लाख डॉलर नुकसानभरपाई पडली. ज्याच्या खात्यावर कायम येणे, त्याच्याच नावे इतकी रक्कम बळजबरीने लिहिली गेली.

यानंतर मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक पुन्हा चीन. वीस नंबरच्या आतले जाड सूत, म्हणजे आमच्या पेढीवर ज्याच्या गाठी मी जन्मभर मोजल्या त्या जातीचे, १८८०-९०च्या दशकांत जहाजे भरभरून तिकडे जाई आणि चिनी घराघरांतल्या मागांवर ताणा म्हणून चढे. परतीच्या जहाजांतून चिनी कच्चे रेशीम मुंबईमार्गे पुणे, येवला अशा पेठांत उतरत असे. मग १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग झाला, १८९६ मध्ये तो मुंबईत उतरला, मजूर गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडल्या. त्याच सुमारास जपानी सूत चिनी बाजारात शिरले आणि मुंबईची ती पेठ हळूहळू हातची गेली. प्लेगात लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेले होते, हे पणजीकडून आमच्या घरात उतरत आलेले बोलणे मी लहानपणी ऐकले आहे. ते सुताच्या जहाजाशी जोडलेले असेल, असे तेव्हा कोणाच्या ध्यानात येणे शक्य नव्हते.

गेल्या हिवाळ्यात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका ओळखीच्या कारखानदाराकडे गेलो होतो. त्याने चीनहून बिनधोट्याचा नवा माग आणला आहे. तो ज्या वेगाने चालतो तो डोळ्यांना धरता येत नाही, आणि त्यावर पुठ्ठ्यांची माळ नाही, नक्षी छोट्या पडद्यात साठवलेली. शेजारी पद्मशाली समाजातले एक वृद्ध विणकर उभे होते, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. बोलता बोलता ब्लँकेटांचा विषय निघाला, तेव्हा अण्णांनी कोपऱ्यात पडलेल्या मिंक ब्लँकेटच्या कडेचा एक धागा नखाने ओढून काढला, आपल्या चादरीच्या दशीतला एक तोडला, आणि मला म्हणाले, "काका, काडी आहे का?" मी काडेपेटी दिली. चादरीचा धागा कागद जळावा तसा वास देत जळला आणि फुंकर मारताच राखाडी होऊन उडाला. ब्लँकेटच्या धाग्याने ज्योतीपासून अंग चोरले, तो वितळला आणि त्याच्या टोकाला काळा, टणक मणी तयार झाला. जगातले सर्वांत जास्त पॉलिस्टर आज चीनमध्येच तयार होते, असे मी सांगितले. अण्णांनी तो मणी दोन बोटांत धरून दाबून पाहिला, फुटत नाही असे पाहून पुन्हा दाबला, आणि विचारले, "मग ते आपल्याकडून काय घेतात?"

मी अजून त्यांना नीट उत्तर दिलेले नाही. कापूस आणि सूत थोडेफार जाते, असे म्हणालो. अण्णांनी मान हलवली, मणी झटकून टाकला आणि आपल्या जुन्या मागाकडे कांडी बदलायला गेले.